रिव्हर्स सोडून

आमच्या गावाचं नाव मर्सेडीस,
आणि मी विकतोय ऑस्टिनचं इंजिन.
हा विनोद उरुग्वेतला प्रत्येक जण
मला पहिल्यांदाच सांगत असतो.

सन एकावन्न. चार सिलिंडर, बाराशे सीसी.
सोबत गिअरबॉक्स. चार पुढचे, एक मागचा.
गाडी नाही. गाडीचं काय झालं ते विचारू नका.
बरं, विचारलंतच तर
तळ गंजला, दारं भाच्यानं नेली,
उरलेल्या सांगाड्यात कोंबड्या अंडी घालतात,
मागच्याच सीटवर का, ते त्यांना ठाऊक.

एवढं सगळं कागदावर लिहून
बेकरीच्या काचेला चिकटवलं होतं.
खाली नाव: आदेमार बिदेगाईन, जुन्या रेल्वे फाटकाजवळ.

पंधरा दिवसांनी दोलोरेसहून एक बाई आली, पिकअप घेऊन.
नुबिया. गुरांची डॉक्टर.
इंजिनाकडे तिनं गाभण गाईकडे पाहावं तसं पाहिलं,
कडेकडेनं, न बोलता,
आणि मी ओळखलं, ही भावाला जड जाणार.

रिंगा नव्या, मी म्हणालो. व्हॉल्व हातानं घासून बसवलेत,
एका व्हॉल्वला एक संध्याकाळ.
क्रँकची बेअरिंगं मोन्तेविदेओहून मागवली,
चुकीची आली, परत पाठवली,
पुन्हा तीच आली.
तिसऱ्यांदा मीच बस धरली.

"चालू करा," ती म्हणाली.

लाकडी घोडीवर बांधलेलं इंजिन,
वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल,
रेडिएटरच्या जागी बागेतला पाइप.
हँडल मारलं. खोकलं.
पुन्हा मारलं. शिव्या घातल्या,
कोणी कुणाला ते सांगत नाही.
तिसऱ्याला लागलं,
आणि बाकावर ठेवलेल्या येर्बाच्या भोपळ्यात
कडू पाण्यावर बारीक वर्तुळं उठली.

मला आता कानानं फारसं येत नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवतो,
मूठ जबड्याच्या हाडाला,
आणि दातांनी ऐकतो.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
स्क्रूड्रायव्हर तिला दिला.
तिचे डोळे आपोआप मिटले.

मग गिअर.
चारही पडले, कुलपात आपलीच किल्ली जावी तसे.
रिव्हर्स टाकला आणि तो रडला,
लांब, वर वर चढत जाणारा.

"हे काय?"
"ते तसंच ठेवलंय."
"दात झिजलेत. बदलता आले असते."
"आले असते."

मग सांगणं भाग पडलं.
आमचा कुत्रा तोस्तादो जन्मभर
गाडीच्या मागच्या चाकापाशी झोपला.
हॉर्नला उठायचा नाही, हाकेला नाही,
जेवायलासुद्धा दोनदा बोलवावं लागे.
फक्त हा आवाज झाला की
एक डोळा उघडायचा,
आणि पेन्शन सुरू झालेल्या कारकुनासारखा
चार पावलं बाजूला सरकायचा.
चौदा वर्षं. शेपटीवरून एकदाही चाक गेलं नाही.
आवाज दुरुस्त करायचा
तर आधी कुत्र्याला कळवायला हवं होतं.

"आता कुठाय तो?"
"जाऊन अकरा वर्षं झाली."

ती थोडा वेळ गप्प बसली.
मग म्हणाली, "रिव्हर्सचे पन्नास डॉलर कमी."
मी आत गेलो.
फळीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली
नवी दातेरी चक्री होती, ग्रीसही न पुसलेली.
तिच्या हातात ठेवली.
बसवायची की नाही, ते तू बघ.

माल चढवायला तिनं पिकअप मागे घेतली.
नवी गाडी. मागे येताना नुसती टुकटुक करते,
मनगटावरच्या घड्याळासारखी.
कोंबड्या वाटेतच पसरलेल्या.
एकीनंही मान वर केली नाही.

मी "थांब, थांब" म्हणत पुढे झालो
आणि एकेक कोंबडी उचलून
बाजूला ठेवत गेलो.